तीर्थन नदीवर ट्राउट: मे महिन्यात जावे की ऑक्टोबरची वाट पाहावी?

मुळाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात राहतो. सह्याद्रीतल्या नद्यांवर आणि धरणांच्या काठी लहानपणापासून गळ टाकत आलो आहे. फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला कीटकासारखी नकली माशी बांधून मासा पकडणे, मात्र अलीकडे शिकू लागलो असून तो सराव अजून मैदानावर दोर फेकण्यापुरताच आहे. मुलांच्या शाळेला सुट्टी असल्यामुळे मे महिन्याच्या उत्तरार्धात हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यात, तीर्थन खोऱ्यात गुशैणीजवळ आठवडाभर राहण्याचा बेत आहे आणि तिथल्या ब्राउन ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी रीतसर परवाना काढून गळ टाकण्याची इच्छा आहे.

माझी अडचण अशी की आपल्याकडे मे महिन्यात नद्यांचे पाणी सर्वांत कमी असते, मासे उरलेल्या डोहांत गोळा होतात आणि कुठे उभे राहायचे हे सहज कळते. हिमालयात त्याच महिन्यात बर्फ वितळून नद्या फुगतात असे वाचनात आले. मग त्या दिवसांत फ्लाय फिशिंग शक्य तरी आहे का? की हा बेत दिवाळीच्या सुट्टीवर ढकलणे अधिक शहाणपणाचे ठरेल? माझ्याकडे नऊ फुटी, पाच नंबरच्या दोरीसाठीचा रॉड आणि तरंगणारी दोरी आहे. जाता-येता लारजी धरणाच्या खाली बियास नदीवरही एखादी दुपार काढावी असा विचार आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

देवदार यांचे उत्तर

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त बंजारला आलो आणि इथेच स्थायिक झालो. आपल्या प्रश्नातला दिवाळीचा भाग आधी निकालात काढतो, कारण त्यात नियमाचा संबंध आहे. हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या पाण्यात मासेमारीस पूर्ण बंदी असते. दिवाळी ऑक्टोबरात आली तर सुट्टी आणि हंगाम यांचा मेळ बसतो. ती नोव्हेंबरात आली तर आपण नदी पाहू शकाल, गळ टाकू शकणार नाही. त्यामुळे पंचांग पाहिल्याशिवाय तिकिटे काढू नयेत.

आता मे महिन्याविषयी. महिन्याच्या नावापेक्षा घड्याळाकडे पाहावे, असे मी इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. बर्फ दिवसा उन्हाने वितळते, पण ते पाणी उंचावरच्या उतारांवरून निघून गुशैणीपर्यंत पोहोचायला काही तास लागतात. म्हणून नदी दुपारनंतर चढू लागते, संध्याकाळी आणि रात्री भरून वाहते आणि वर रात्रभर पडलेल्या गारठ्यामुळे पहाटेपर्यंत पुन्हा उतरते. मे महिन्यात उजाडल्यापासून साधारण अकरा वाजेपर्यंत तीर्थनचे पाणी बऱ्यापैकी नितळ आणि आवाक्यातले असते. दुपारी तीनला त्याच दगडावर उभे राहिलात तर सकाळी घोट्यापर्यंत असलेले पाणी गुडघ्याच्या वर आलेले असेल आणि त्याला किंचित दुधाळ छटा आलेली असेल. हा रोजचा चढउतार इतका नियमित असतो की एक दिवस काठावर बसून, पाण्याला टेकलेल्या एखाद्या दगडावर खूण करून तो नुसता पाहिला तरी पुढचे सगळे दिवस सोपे जातात.

मार्च-एप्रिलमध्ये हेच गणित नेमके उलटे असते. तेव्हा पाणी कमी आणि काचेसारखे स्वच्छ असते, पण इतके थंड असते की सकाळी मासा जागचा हलत नाही. ऊन पात्रात उतरल्यावर, म्हणजे अकरा ते तीन या वेळात, तो खायला लागतो. एकाच नदीवर मार्चमध्ये दुपार साधावी लागते आणि मेमध्ये सकाळ. जे पर्यटक एका ऋतूतला अनुभव दुसऱ्या ऋतूत जसाच्या तसा वापरतात, ते रिकाम्या हाताने परततात आणि नदीत मासेच उरले नाहीत असा समज करून घेतात, याचे मला वाईट वाटते.

तीर्थनचे एक भाग्य असे की तिच्यावर मोठे धरण नाही आणि जलविद्युत प्रकल्पांना या खोऱ्यात मज्जाव आहे. त्यासाठी इथल्या गावकऱ्यांनी आणि माजी आमदार दिलेराम शबाब यांनी न्यायालयापर्यंत जाऊन लढा दिला. त्यामुळे इथे पाणी चढते ते ऊन आणि पाऊस यांच्या हिशेबाने, कोणाच्या कळ दाबण्याने नव्हे. पार्वतीसारख्या नदीत हिमनदीचा बारीक गाळ उन्हाळाभर वाहत असतो आणि पाणी राखाडी दिसते. तीर्थन त्या मानाने स्वच्छ राहते.

देवदार (पुढे चालू)

बियासविषयी वेगळे लिहितो, कारण ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे. लारजीच्या खाली बियासच्या पात्रात उतरू नका, मग पाणी कितीही शांत दिसो. ८ जून २०१४ रोजी थलौटजवळ पात्रातल्या दगडांवर उभे असलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. तिथे नदी चढण्याला सकाळ-दुपार असा नियम नाही. कुटुंब सोबत असेल तर तिथे गाडीतूनसुद्धा उतरण्याचे कारण नाही.

खळाळ यांचे उत्तर

मी महाविद्यालयात गोड्या पाण्यातील जीवशास्त्र शिकवते. देवदार यांनी नदीचे वर्तन उत्तम सांगितले आहे. त्यामागची माशाची बाजू मी मांडते.

ब्राउन ट्राउट हा थंड रक्ताचा प्राणी असल्यामुळे त्याची भूक पाण्याच्या तापमानावर ठरते. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस या दरम्यान तो सर्वांत चांगला खातो. ५-६ अंशांच्या खाली त्याच्या हालचाली मंदावतात आणि २० अंशांच्या आसपास तो अडचणीत येतो, कारण पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना तो सुमारे ९.१ वर येतो, आणि डोंगरात हवेचा दाब कमी असल्यामुळे हे आकडे आणखी खाली जातात. म्हणून आपल्या पिशवीत दहा प्रकारच्या नकली माश्या नसल्या तरी चालेल, पण दोरी बांधलेला एक साधा तापमापक अवश्य असावा. मे महिन्यात वितळलेल्या बर्फामुळे पाणी थंडच राहील. मात्र जूनमध्ये पावसाआधी काही दिवस कडक ऊन पडले तर खालच्या बाजूच्या उथळ, सावली नसलेल्या पट्ट्यांत दुपारचे तापमान पाहूनच गळ टाकावा. तापलेल्या पाण्यात झुंजवलेला मासा सोडून दिला तरी पुष्कळदा नंतर मरतो, हे सोडणाऱ्याला दिसत नाही एवढेच.

बंदीच्या काळाचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. ब्राउन ट्राउट ऑक्टोबरच्या अखेरीपासून जोडीने उथळ, वाहत्या पाण्यात येतो. मादी शेपटीने खडी उकरून त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी ओढते. थंड पाण्यात ती अंडी उबायला दोन-तीन महिने लागतात आणि त्यानंतरही पिल्ले पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगत काही आठवडे खडीतच राहतात. याचा अर्थ असा की १ मार्चला हंगाम उघडतो तेव्हा पुढची पिढी अजून आपल्या पायाखाली असू शकते. ऑक्टोबरात तळाला आजूबाजूपेक्षा स्वच्छ, फिकट आणि खोलगट झालेला खडीचा तुकडा दिसला तर त्यावरून चालू नये आणि तिथे थांबलेल्या जोडीवर गळ टाकू नये, मग परवाना त्या दिवशी वैध असला तरीही. आणि मार्च-एप्रिलमध्ये तशा खडीवर पाय न देता शक्यतो मोठ्या दगडांवरून किंवा काठाने चालावे.

आणखी एक मुद्दा मला मनापासून मांडावासा वाटतो. ट्राउट इथला मूळचा नाही. ब्रिटिश काळात स्कॉटलंडहून काश्मीरमध्ये अंडी आणली गेली आणि १९०९ च्या सुमारास काश्मीरमधून तो कुल्लूत आला. या नद्यांचा खरा रहिवासी म्हणजे ‘असला’ नावाचा मासा, ज्याला स्नो ट्राउट म्हणतात, पण जो ट्राउटच्या कुळातला नसून आपल्या रोहू-महसीरच्या कुळातला आहे. त्याचे तोंड खालच्या बाजूस असते आणि तो दगडांवरचे शेवाळ खरवडून खातो. जागतिक लाल यादीत त्याची नोंद धोक्यातल्या जातींत आहे आणि ब्राउन ट्राउट हे त्याच्या घटीचे एक कारण मानले जाते. आपल्या गळाला ‘असला’ लागला तर त्याला पाण्याबाहेर न काढता सोडून द्यावे.

मुळाकाठ

आपण दोघांनी इतके तपशीलवार लिहिले याबद्दल आभारी आहे. बियासचा विचार रद्द केला आहे. मे महिन्यातच जायचे ठरले तर सकाळच्या त्या चार-पाच तासांत कोणत्या माश्या वापराव्यात आणि फुगलेल्या पाण्यात मासा शोधावा तरी कुठे, एवढे कोणी सांगू शकेल का? आमच्याकडे डोहाच्या मध्यभागी गळ टाकण्याचीच सवय आहे.

धारेकाठी यांचे उत्तर

मध्यभाग विसरून जा. पाणी जोरात असते तेव्हा ट्राउट आपली ताकद वाचवतो आणि काठालगतच्या संथ पट्ट्यात, मोठ्या दगडाच्या मागे-पुढे, किंवा वेगवान आणि मंद पाणी जिथे एकमेकांना चाटून जाते त्या शिवेवर थांबतो. मे महिन्यात मी स्वतः पाण्यात पाऊल टाकण्याआधी काठापासून हातभर अंतरावरचे पाणी आधी तपासतो, कारण नवखा माणूस नेमका तिथेच जाऊन उभा राहतो. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालून वर, म्हणजे त्याच्या पाठीमागून जावे, आणि उन्हात आपली सावली पुढे पडणार नाही अशी बाजू निवडावी.

माश्यांच्या बाबतीत नावांचा फार बाऊ करू नये. पाण्यातला एखादा ओला दगड उचलून उलटा करा आणि त्याला काय चिकटले आहे ते पाहून तो होता तसा परत ठेवा. चपटी, तीन शेपट्यांची अळी मेफ्लाय या कीटकाची. दोन शेपट्यांची आणि मोठी असेल तर स्टोनफ्लायची. वाळूच्या कणांचे घर करून राहणारी कॅडिसची. सकाळच्या थंड पाण्यात मासा वर येत नाही, म्हणून मणी बसवलेला, तळाशी जाणारा तपकिरी निम्फ (अशा अळीसारखी दिसणारी नकली माशी), म्हणजे फेझंट टेल किंवा हेअर्स इअर, चौदा नंबरच्या आसपासचा, हा पहिला पर्याय. पाण्याला रंग असेल तर काळा किंवा गडद हिरवा वूली बगर (पिसांची मोठी, बुडणारी माशी) काठाजवळून हळू ओढावा. संध्याकाळी नदी चढलेली असली तरी एखाद्या आडोशाच्या पाण्यावर कॅडिस उडताना दिसले तर तरंगणारी माशी लावून पाहावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माशीने पाण्याच्याच वेगाने वाहिले पाहिजे. दोरीचा मधला भाग वेगवान धारेत सापडला की ती फुगा धरते आणि माशी ओढली जाते. मासा ते लगेच ओळखतो. म्हणून दोर लांब फेकण्याच्या मोहात पडू नये. दोन रॉडच्या अंतरावर, रॉड उंच धरून, बहुतेक दोरी पाण्याबाहेर ठेवून वाहवलेला निम्फ मे महिन्यात जास्त मासे देतो, आणि यासाठी मैदानावरचा लांब फेकीचा सराव फारसा लागतही नाही. ऑक्टोबरात मात्र पाणी उतरलेले आणि पारदर्शक असते. तेव्हा बारा फुटांचा लीडर (दोरीला पुढे जोडलेला पारदर्शक धागा), बारीक टिपेट (त्याचे माशीकडचे टोक) आणि अलगद पडणारी तरंगती माशी यांवाचून निभाव लागत नाही. नवख्याला खरे तर मे महिना अधिक क्षमाशील आहे, असे माझे मत आहे.

देवदार

धारेकाठी यांच्याशी मी सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. मुख्य नदी फारच फुगलेली असेल तर गुशैणीलाच मिळणारा फलाचन नाला पाहावा. त्याचे पाणलोट क्षेत्र वेगळे असल्यामुळे एखाद्या दिवशी तिथले पाणी तीर्थनपेक्षा स्वच्छ असते. आणि जुलै २०२३ च्या पुरानंतर जिल्ह्यातल्या नद्यांची पात्रे बरीच बदलली आहेत, तेव्हा जुन्या नकाशांवर किंवा छायाचित्रांवर विसंबून डोह शोधू नयेत. गावातल्या गळकऱ्याला एका सकाळसाठी सोबत घ्यावे आणि त्याला योग्य मोबदला द्यावा.

परवाना मत्स्यविभागाकडून दिवसाच्या हिशेबाने मिळतो. तो घेताना किती मासे ठेवता येतात आणि किमान लांबी किती हे त्यावरच वाचून घ्यावे. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू झाली की गळ गुंडाळून ठेवावा. घरच्यांना ट्राउट खाऊ घालायचा असेल तर खोऱ्यात रेनबो ट्राउट वाढवणारी तळी आहेत, तिथून ताजा मासा विकत मिळतो. नदीतला मासा नदीतच राहू द्यावा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून ठेवला तर तो सोडवायला क्षणही लागत नाही, आणि हात आधी ओले करून घेतले म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही.

वरच्या डोंगरावर ढग काळे होऊन पाण्यात पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, तर आपल्या डोक्यावर ऊन असले तरी ताबडतोब पात्राबाहेर यावे. मे महिन्याच्या अखेरीस दुपारी वळीव पडतो. मुलांना तर अकरानंतर पाण्याजवळ जाऊच देऊ नका.