सायबेरियातली गोठलेली जमीन वितळली तर ठाणे खाडीचं पाणी वाढेल का?

ऐरोलीकर: आम्ही खाडीच्या बाजूलाच राहतो त्यामुळे समुद्र वाढणार अशी बातमी आली की घरात विषय निघतोच. लेक विचारतेय पर्माफ्रॉस्ट वितळलं तर आपल्याकडे पाणी चढणार का. ते पण बर्फच ना? नीट माहिती असलेल्या कुणीतरी सांगा प्लीज.

खाडीकाठ: बर्फाचा थर नाही हो, ती जमीनच आहे, माती-दगड, निदान सलग २ वर्षं शून्याच्या खाली राहिलेली, काही ठिकाणी शेकडो मीटर खोल. तिच्या पाण्याने समुद्र फारसा वाढत नाही. काळजी आहे ती आतल्या कार्बनची. हजारो वर्षांचं गवत, मुळं, मेलेली जनावरं थंडीमुळे कुजलीच नाहीत, आता माती सैल झाली की जिवाणू कामाला लागतात, कोरड्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पाणी साचलेल्या जागी मिथेनसुद्धा. उत्तरेकडच्या या जमिनीत साधारण १,५०० अब्ज टन कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट! सगळा एकदम नाही सुटणार, 'बॉम्ब' वगैरे हेडलाइन सोडून द्या, पण जेवढा सुटेल तेवढी ऊब वाढणार, त्या उबेने ग्रीनलंड वितळतं, समुद्राचं पाणी फुगतं, म्हणजे फिरून खाडीपर्यंत येतंच.

सिव्हिलवाला वाशी: मला यात जमीन खचण्याचं जास्त वाटतं. सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात बिल्डिंगी पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर, उचलून बांधतात, खालून थंड वारा जायला जागा ठेवतात, नाहीतर घराच्या उबेनेच जमीन वितळेल. आपल्याकडे चिखलातून पाइल खडकापर्यंत नेता येतो, तिकडे बऱ्याच ठिकाणी पाइलला धरून ठेवते ती गोठलेली मातीच, ती मऊ पडली की पकड गेली. मे २०२० ला सायबेरियातल्याच नोरिल्स्क शहरात एका कंपनीची डिझेलची टाकी फुटली, २० हजार टनांच्या आसपास डिझेल नदीत आणि जमिनीत गेलं. कंपनी म्हणाली पर्माफ्रॉस्टमुळे पाया खचला, सरकारी तपासात बांधकामातले दोषही निघाले. माझ्या मते दोन्ही खरं असणार. अलास्कातलं न्यूटॉक गाव तर अख्खं मर्टार्विक या नव्या जागी हलवलं, जमीन वितळतेय आणि नदी काठ खातेय म्हणून.

ऐरोलीकर: बापरे. मग इथून आपण काय करणार त्याचं?

खाडीकाठ: तिथली माती आपल्या हातात नाही, पण आपल्या कांदळवनाच्या चिखलातही ऑक्सिजन नसल्यामुळे असाच कार्बन अडकून राहतो आणि कांदळवन तोडून चिखल उकरला की सुटायला लागतो. त्यामुळे खाडीकाठच्या प्रकल्पांवर हरकती मागवतात तेव्हा लिहून द्या, आम्ही सोसायटीतून देतो. लेकीला ऐरोलीच्या फ्लेमिंगो केंद्रावर घेऊन जा, तिकडून खाडीतली कांदळवनं जवळून बघता येतात.