मित्रासाठी सेकंडहँड गाडी: मेकॅनिककडे नेण्याआधी स्वतः काय तपासायचं?

नवखा_चालक
मित्राला एक गाडी पसंत पडली आहे. पेट्रोल, मॅन्युअल, सात वर्षं जुनी, मीटरवर ४८ हजार किलोमीटर. परवा सकाळी बघायला जातोय, तास-दीड तास मिळेल. सगळं बरं वाटलं तरच मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून घेऊ. तोवर आम्ही दोघांनी काय बघावं? मीटर मागे फिरवलाय का, हे कळतं का? आणि मालकाने आधीच सांगितलंय की पुढचा बंपर आणि डावा फेंडर रंगवलेला आहे. तेवढ्यावरून गाडी सोडावी का?

पाना_पक्कड
मालकाला आजच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. उन्हात उभी नसतानाही कोमट लागली तर पुन्हा यायची वेळ ठरवा. इंजिनाची बरीच दुखणी थंड असतानाच उघडी पडतात.

थंड इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उघडा. आत दुधाळ, पिवळट साका दिसला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळत असू शकतं. फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही दमटपणाने झाकणाला थोडा साका धरतो, म्हणून डिपस्टिकही (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) ओढा. तिच्यावरचं ऑइलही दुधाळ असेल तर पुढचं काही बघू नका, गाडी सोडा. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग असेल तरी तेच. कूलंटचं झाकण इंजिन गरम असताना अजिबात उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर येतं.

मग एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने सायलेन्सरमागे उभं राहायचं. किल्ली ऑन केली की चेक इंजिन, एबीएस, एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर थोड्या वेळात विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही, त्याचाच जास्त संशय घ्या, तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. सुरू होताना निळसर धुराचा एकच झोत आला तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेत. अॅक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर येतच राहिला तर पिस्टन रिंग, म्हणजे इंजिन खोलायचं काम. गारव्यात विरळ वाफ आणि नळीतून टिपटिपणारं पाणी यात काही वावगं नाही. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर असेल तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेलंय.

मायक्रॉन
बंपर आणि फेंडरची काळजी करू नका. बंपर प्लॅस्टिकचा असतो आणि फेंडर बोल्टवर बसतो, दोन्ही सहज बदलतात. बघायचं ते त्यांच्या मागे: रेडिएटर ज्या पट्टीवर बसतो ती, दोन्ही बाजूंचे अॅप्रन (इंजिनाच्या बाजूचे आतले पत्रे), दारांचे पिलर. तिथले वेल्डिंगचे गोल ठिपके समान अंतरावर हवेत आणि सीलंट दोन्हीकडे सारखा. एकीकडे खडबडीत वेल्डिंग दिसलं तर मार सांगाड्यापर्यंत पोचलाय, आणि मग व्हील अलाइनमेंट बसेल याची खात्री नाही.

पेंट गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजणारं यंत्र, मिळालं तर न्याच. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. ३०० च्या वर गेला की खाली पुटी आहे असं समजा. पुटी शोधायला चुंबकावर फार विसंबू नका, अॅल्युमिनियमच्या बॉनेटला तो तसाही चिकटत नाही.

जुना_गडी
मीटरबद्दल. आकडा हे फक्त मालकाचं म्हणणं, त्याला साक्षीदार शोधा. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर किलोमीटर लिहिलेले असतात, ते ओळीने लावा. टायर बदललेत का हे कळायला त्यांच्यावरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बघा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं: २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड खचलेली, हे सगळं एकत्र दिसलं तर ४८ हजार पटत नाही. सात वर्षांच्या गाडीत पेडलचं रबर कोरं करकरीत असेल तर ते का बदललं, हे विचाराच.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावलात तर एरर कोड नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका. कोड पुसल्यानंतर किती अंतर चालली, हेही बहुतेक गाड्यांत वाचता येतं. ते १०-२० किलोमीटर निघालं तर तुमच्यासाठीच पुसलेत.

नवखा_चालक
फार उपयोगी. चालवून बघताना नेमकं काय?

पाना_पक्कड
काचा खाली, गाणी आणि एसी बंद. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, दोन्हीकडे. टक-टक आवाज आला तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) गेलाय. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर अॅक्सिलरेटर एकदम दाबा. आरपीएम चढतो पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपली. वेगात ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क बघायला सांगा. वेगासोबत वाढणारी घूं-घूं वळणावर कमी-जास्त झाली तर व्हील बेअरिंग.

हे खर्च भाव करताना वजा करून घेता येतात. सांगाडा आणि हेड गॅस्केट मात्र भाव पाडूनही घेऊ नका.

जुना_गडी
एक राहिलं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, गाळाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात गेलेली. स्टेपनीखालचा खड्डा आणि सीटचे रूळही त्याच वेळी टॉर्च लावून बघा.