मदत हवी आहे: आईच्या रेसिपीच्या वहीचं पुस्तक छापायचंय
मंडळी, आईची रेसिपीची वही आणि घरातल्यांच्या स्वयंपाकघरातल्या आठवणी असं छोटं पुस्तक छापायचंय, विकायला नाही, फक्त नातेवाईकांना द्यायला. पानं ६०० डीपीआयला (म्हणजे बारीक तपशीलही दिसतील अशी) स्कॅन केलीत, कारण तेलाचे डाग आणि समासात आईने पेन्सिलीने लिहिलेलं "पाहुणे होते, दुप्पट केलं" हे मला टाइप करून घालवायचं नाहीये, ते तस्संच दिसलं पाहिजे. मधे पिना मारायच्या तर पानं ४ च्या पटीत लागतात हे माहितीये, पण पुस्तक ओट्यावर उघडं राहायला हवं आणि गोंदाचं बाइंडिंग सारखं मिटतं, म्हणून स्पायरल करावं असं वाटतंय. ए५ साइजमध्ये (ए४ कागदाच्या निम्मं) हस्ताक्षर नीट वाचता येतं का, कुणी केलंय?

दुसरं म्हणजे आठवणी. काकू एक सांगते, आत्या त्याच प्रसंगाचं वेगळंच सांगते, मला दोन्ही ठेवायच्यात, त्यातच तर खरी मजा आहे. पण एका आठवणीत जुनं भांडण आलंय आणि ती माणसं हयात आहेत. त्यांना आधी वाचायला द्यावं की तेवढा भाग गाळावा? कुणी असं केलं असेल तर प्लीज सांगा, प्रेसला फाइल द्यायच्या आधी ठरवायचंय.