पिल्लाला जुलाब होतायत, खाणं कसं बदलू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमच्याकडे दोन महिन्यांचं इंडी (देशी कुत्र्याचं) पिल्लू आलंय, आधीच्या घरी त्याला नुसती दूध-पोळी असायची आणि इथे आल्यापासून पातळ शी चालू आहे. खेळतंय, पाणी पितंय, उलटी नाही, रक्त नाही, हिरड्या गुलाबी आणि ओल्या आहेत. डॉक्टरांनी पार्व्होची (पिल्लांना गंभीर जुलाब-उलट्या करणाऱ्या विषाणूची) टेस्ट केली, निगेटिव्ह आली, मग जंताचं औषध दिलं आणि दूध पूर्ण बंद करायला सांगितलं. सध्या मऊ भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाला काही नाही, थोडं थोडं करून चार-पाच वेळा देतोय, त्याने शी जरा घट्ट झालीये.

आता पपी फूडवर न्यायचंय. पाव भाग नवीन आणि बाकी जुनं असं करत आठवडा-दहा दिवसांत वाढवायचं हे कळलं, पण ते आत्ताच सुरू करू की शी नीट बांधून आल्यावर? पपी फूडचे दाणे कोमट पाण्यात भिजवून देता का? उकडलेला लाल भोपळा कोणी दिलाय? शेजारच्या काकू माणसांची जुलाबाची अर्धी गोळी द्या म्हणतायत, ती अजिबात देणार नाहीये, एवढ्याशा जिवाला नको असलं काही. आणि लस, पोट ठीक होईपर्यंत पुढे ढकलली होती का तुम्ही? प्लीज ज्यांनी स्वतः पिल्लू वाढवलंय त्यांनीच सांगा.