तोमोयोचे ‘सुकी’ कोणत्या अर्थाचे?

सायली_वाचते (धागालेखिका):
‘कार्डकॅप्टर साकुरा’ ही क्लॅम्प या चौघींच्या गटाची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९६ ते २००० या काळात ‘नाकायोशी’ या मुलींच्या मासिकात क्रमशः आली. तिच्यातील तोमोयो आपली वर्गमैत्रीण साकुरा हिच्यासाठी पोशाख शिवते, तिच्या मोहिमा कॅमेऱ्यात टिपते आणि साकुराने कधीकाळी दिलेले खोडरबर जिवापाड जपते. एकदा ती साकुराला ‘तू मला फार आवडतेस’ असे म्हणते. साकुराही निरागसपणे ‘मलाही तू आवडतेस’ असे सांगते, तेव्हा तोमोयो हसून म्हणते की तुझ्या आणि माझ्या आवडण्याचा अर्थ बहुधा वेगळा आहे, थोडी मोठी झालीस की सांगेन. मूळ मालिकेत ते सांगणे राहूनच जाते.

‘ही नुसती मैत्री आहे, तुम्ही नसते अर्थ काढता’ हे मी फार वेळा ऐकले आहे. पण फरक आहे हे जर पात्रच बोलून दाखवत असेल, तर तो वाचकाने बाहेरून आणला असे कसे म्हणता येईल? तोमोयो वापरते तो जपानीतील ‘सुकी’ (आवडणे) हा शब्द खाऊपासून प्रियकरापर्यंत सगळ्यांना चालतो. इंग्रजी अनुवादकाला तेथे ‘लाइक’ की ‘लव्ह’ हे ठरवावेच लागते. आपले ‘आवडतेस’ मात्र ती संदिग्धता जशीच्या तशी सांभाळते, म्हणून हा प्रसंग मला मराठीत अधिक नीट उमगतो.

जुना_वाचक:
सायलीताई, मांडणी आवडली, निष्कर्ष पटला नाही. ‘वेगळा अर्थ’ म्हणजे प्रणयच, हे कोणी ठरवले? जपानमध्ये मुलींच्या शाळांतील उत्कट सख्यत्वाला ‘एस’ म्हणत असत आणि नोबुको योशिया यांच्या १९१६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘हाना मोनोगातारी’ या कथांनी त्याला साहित्यात स्थान दिले. ते नाते शालेय वयापुरतेच असते आणि लग्नाबरोबर संपते, अशी समाजाची समजूत होती. त्या परंपरेतून आलेल्या तोमोयोला आजचे नाव चिकटवले, तर तिचा काळ आणि तिची संस्कृती आपण पुसून टाकतो. शिवाय ती चौथीतली मुलगी आहे, हेही विसरू नये.

सायली_वाचते:
वयाचा मुद्दा आधी घेते. साकुराही चौथीतलीच आहे. तिला भावाचा मित्र युकितो आवडतो, पुढे वर्गमित्र श्याओरान आवडू लागतो, आणि त्याला प्रेम म्हणताना कोणाला अडचण वाटत नाही. वयाची आठवण तोमोयोपाशी आल्यावरच का व्हावी?

दुसरे म्हणजे ही मालिकाच ‘सुकी’चे प्रकार वेगळे करण्याबद्दल आहे. साकुरा युकितोजवळ मन मोकळे करते, तेव्हा तो तिला विचारात पाडतो की तुझे हे आवडणे वडिलांबद्दल वाटणाऱ्या आवडण्यासारखे तर नाही ना. आणि त्याच्या मनात सर्वात वरची जागा आपल्या भावाची, तोयाची आहे, हे साकुराला तिथेच उमगते. इतक्या बारकाईने भावना निवडणाऱ्या लेखिका तोमोयोच्या तोंडी ‘अर्थ वेगळा’ हे शब्द सहज घालतील, हे मला पटत नाही.

योशियांचे म्हणाल, तर त्या स्वतः चियो मोन्मा या आपल्या जोडीदार स्त्रीबरोबर सुमारे ५० वर्षे राहिल्या आणि १९५७ मध्ये त्यांनी चियोंना कायदेशीर दत्तक घेतले. ‘टप्पा संपतो’ ही समाजाची अपेक्षा होती. ती परंपरा घडवणारी लेखिकाच तिच्यात बसत नव्हती.

निळी_शाई:
थोडी भर घालते. ‘सेलर मून’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेच्या जुन्या इंग्रजी डबिंगमध्ये हारुका आणि मिचिरू या जोडप्याला चुलत-मावस बहिणी करून टाकले होते. त्यामुळे बहिणींच्या मानाने दोघींचे वागणे भलतेच लाडिक दिसू लागले, ही गंमत वेगळीच. ‘नसते अर्थ’ काढण्याचा आरोप नेहमी वाचकांवर होतो, झाकणाऱ्यांवर क्वचित.

जुना_वाचक:
हारुका-मिचिरूबद्दल वाद नाही. तेथे सूचन कसले, उघडच आहे. योशियांचा मुद्दाही मान्य. पण लेखिकेचे आयुष्य पात्राच्या मनाचा पुरावा होत नाही. तोमोयोची आई सोनोमी हिचेच पाहा. तिलाही साकुराच्या आईबद्दल, म्हणजे नादेशिकोबद्दल, असाच जिव्हाळा होता. पुढे ती मोठी झाली, तिला मुलगी झाली. कथेतच टप्पा संपलेला दिसतो.

सायली_वाचते:
संपलेला? नादेशिको जाऊन वर्षे लोटली, तरी तिच्या नवऱ्याला पाहताच सोनोमीचा पारा चढतो. शाळेच्या क्रीडादिनी पालकांच्या शर्यतीत ती त्याला हरवण्यासाठी जिवाच्या आकांताने धावते आणि हरल्यावर तिला ते सहन होत नाही. ते पान पुन्हा उघडून पाहावे.

जुना_वाचक:
ते पान मी आजवर विनोद म्हणूनच वाचत आलो. सोनोमीपुरता टप्प्याचा मुद्दा मागे घेतो. तोमोयोच्या बाबतीत मात्र ‘मोठी झालीस की सांगेन’ हे तिचेच शब्द मी धरून बसणार. जे तिने सांगितले नाही, ते तिच्या वतीने मी सांगणार नाही.