जुनी रिअर व्हील ड्राइव्ह गाडी नागपुरात बारा महिने रोज चालवणारे, अनुभव सांगा

मंडळी, हा धागा अशा लोकांसाठी आहे ज्यांची जुनी रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाणारी) गाडी रविवारी फुटाळा तलावावर चक्कर मारायला नाही तर रोज ऑफिसला, भाजीला, पोरांना ट्यूशनला सोडायला निघते. टू सीटर असो, कूपे असो, कंटेसा असो, सगळ्यांनी लिहा. बाहेरच्या देशांत असा प्रश्न निघाला की सगळी चर्चा बर्फ आणि विंटर टायरवर जाते, आपल्याला ते काही कामाचं नाही, आपला कठीण सीझन वेगळा आहे, त्यावर मराठीत कुठंतरी एका जागी लिहिलेलं असावं ही फार दिवसांची इच्छा.

सुरुवात मी करतो. २००६ ची जर्मन रोडस्टर, सरळ सहा सिलेंडर, मॅन्युअल गिअर, कापडी टप. मनीषनगर ते बुटीबोरी रोजचं जाणं-येणं. लोक पहिले हेच विचारतात की पावसात मागून घसरत नाही का, पण माझं ठाम मत आहे की नागपुरात अशा गाडीची खरी परीक्षा मे महिना घेतो. बाहेर ४५ डिग्री, एसी फुल, वर्धा रोडला सिग्नलवर उभे, डांबराची गरमी खालून आणि इंजिनची समोरून. तेव्हा कूलिंग सिस्टीम धड असेल तर गाडी धड. मार्चमध्येच रेडिएटर, होज पाइप, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, टाकीचं झाकण सगळं बघून घेतो, जे प्लास्टिक पिवळं पडलं ते बदलतो, तुटायची वाट बघत नाही. आणि एक ओळखायची पद्धत सगळ्यांनी लक्षात ठेवा, सिग्नलवर टेम्परेचरचा काटा चढतो आणि गाडी पळाली की उतरतो तर आधी फॅन बघा, हायवेवर पळताना चढतो तर रेडिएटर चोक आहे का, पंप पाणी फिरवतो का ते बघा. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं. बोअरिंगचं पाणी चुकूनही नाही, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने आतून क्षार धरतो आणि मग तो रेडिएटर कोणी साफ करून देत नाही.

पावसाळ्यात टपाची एकच गोष्ट, पाणी जायची भोकं. सिव्हिल लाइन्समध्ये कडूनिंबाखाली गाडी उभी राहते, त्या बारीक पानांनी भोकं बुजतात आणि पाणी आत उतरतं, तिथेच खाली वायरिंग आणि मोटर असते. मृगाच्या आधी बारीक नायलॉनची दोरी घालून मोकळी करा. पंधरा वर्षं झाली तेव्हा रिन्यूअल, ग्रीन टॅक्स सगळं रीतसर केलं, नवीन नंबर प्लेट पण लागली. आता तुम्ही लिहा.

महाल, कंटेसा १.८ जीएलएक्स

भाऊ आमची १९९६ ची, बाबांनी घेतलेली, मी चालवून राहिलो. स्पोर्ट्स म्हणा की नका म्हणू, पण त्या काळात इसुझूचं १.८ इंजिन, ८८ बीएचपी आणि पाच गिअर, वर्धा रोडला हिच्यासारखी दुसरी कोणती होती सांगा. महालातल्या गल्ल्यांत लांबीचा त्रास आहे, वळवताना दोनदा मागे-पुढे करा लागते, हायड्रॉलिक स्टिअरिंगची लाइन ठीक ठेवा मग हलकी जाते. उन्हाळ्याचं तुम्ही बरोबर बोलले. आमच्या मिस्त्रीनं रेडिएटरची जाळी एक रो जास्त टाकून बनवून दिली तेव्हापासून मे मध्ये पण एसी लावून कॉटन मार्केटच्या गर्दीत उभा राहतो. पार्ट इथं भेटत नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर ओळखीचा एक माणूस आहे, फोटो पाठवतो, तो शोधतो, ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकून देतो. काच आणि बिडिंग भेटलं की घेऊन ठेवा, गरज असो नसो. इंजिनचं काम कुठंही होते, समोरची काच फुटली तर सहा महिने गाडी उभी.

मेडिकल चौक परिसर

मी डॉक्टर आहे, नाइट ड्युटी असते, २००९ ची जर्मन सेडान, स्पोर्ट सस्पेन्शन, मागची चाकं पुढच्यापेक्षा रुंद. घसरण्यावर लिहिते कारण वर कोणी नीट लिहिलं नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ वर येते, आणि आपले सिमेंट रोड जिथं घासून गुळगुळीत झालेत तिथं वळणात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागचा भाग हलकेच बाहेर जातो. घाबरून एकदम पाय काढू नका, त्यानं वजन पुढे जातं आणि मागचा भाग अजून सुटतो. पाय हळूच सैल करा, नजर जिकडे जायचं तिकडे, स्टिअरिंग तेवढंच. वळणाच्या आधी गिअर कमी, वळणात स्थिर पाय, सरळ झाल्यावर दाबायचं, एवढं अंगात मुरलं की भीती राहत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर घसरून फिरू न देणारी यंत्रणा) पावसाळ्यात कधीच बंद करू नये.

आणि टायर. कायद्यानं १.६ मिमी खोल नक्षी चालते पण मी ३ मिमीलाच बदलते, रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतं. पुढे-मागे साइज वेगळी असल्यानं रोटेशन होत नाही, मागची जोडी आधी जाते, तो खर्च मनात धरूनच अशी गाडी घ्या. टायरवरचा चार आकडी कोड वाचायला शिका, २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. नक्षी छान दिसते पण रबर आठ वर्षांचं, असं टायर घेऊन समृद्धीवर जाऊ नका, शिवमडक्याला चढलं की १२० ची मर्यादा आहे आणि मे मध्ये काँक्रीट भट्टीसारखं तापलेलं असतं, हवा थंड टायरवर भरा, निघायच्या आधी.

डागा लेआउट

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये सीटपर्यंत पाणी. माझी जुनी जपानी कूपे त्यात होती. पाणी उतरल्यावर चावी लावली नाही, बॅटरीचं टर्मिनल काढलं आणि टो करून नेली. प्लग काढून सिलेंडर कोरडे केले, इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिफरेन्शियलचं (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरबॉक्स) ऑइल सगळं बदललं. हे डिफरेन्शियलचं लोक विसरतात, त्याला हवा जायला वर एक छोटी नळी असते, तिथून पाणी शिरतं आणि ऑइल दुधासारखं होतं. इंजिन वाचलं. इन्शुरन्सला इंजिन प्रोटेक्शन लावलेलं नसेल तर आजच विचारा, पाणी ओढून इंजिन लॉक झालं तर साध्या पॉलिसीत पैसे मिळणं कठीण जातं. आता जोराचा पाऊस लागला की गाडी चढावर लावतो, झोप शांत लागते.

नरेंद्रनगर

माझं मत वेगळं आहे. जून ते सप्टेंबर मी छोटी हॅचबॅकच काढतो. पुलाखाली पाणी साचलं की पाच इंच क्लिअरन्सच्या गाडीला रस्ताच राहत नाही, आणि खड्डा पाण्याखाली असला की रिम वाकते. बारा महिने चालवणाऱ्यांचं कौतुक आहे, पण ज्याच्याकडे एकच गाडी आहे आणि घरात म्हातारी माणसं आहेत त्यानं विचार करावा.

धागाकर्ता

दादा, पाणी साचतं त्याबद्दल एकदम मान्य, त्या दिवशी मी पण मेट्रोनं जातो. पण चार महिने उभी ठेवायला माझा विरोध आहे. उभ्या गाडीची बॅटरी बसते, डिस्कला गंज धरतो, टायर एका जागी चपटतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. आठवड्यातून दोनदा तरी इंजिन पूर्ण गरम होईस्तोवर चालवाच, नुसतं जागेवर स्टार्ट करून उपयोग नाही.

हिंगणा रोड, गॅरेज

बाबांचं गॅरेज, आता मी बघतो. जुन्या रिअर व्हील गाड्या येतात त्यात लोक इंजिनकडेच बघून राहतात, खालचं कोणी बघत नाही. गिअर टाकल्यावर मागून टण आवाज आला की प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा दांडा) क्रॉस जॉइंट नाहीतर रबर कपलिंग गेलं. ६०-७० च्या स्पीडला सीटखाली थरथर होत असेल तर त्याच शाफ्टचं सेंटर बेअरिंग. फाउंडेशन (इंजिन-गिअरबॉक्सखालचं रबर) बसलं तर गिअर अडकल्यासारखा लागते, लोक क्लच खोलायला सांगतात, काहून खोलता भाऊ, आधी फाउंडेशन बघा. डिफरेन्शियलचं ऑइल मॅन्युअलमध्ये लाइफटाइम लिहिलेलं असलं तरी जुन्या गाडीत बदलून टाका, महाग काम नाही. आणि ब्रेकर तिरपा घ्या, चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) घासून फुटलेल्या गाड्या सगळ्यात जास्त येतात.

इंदोरा, ११८ एनई

प्रीमियरची ११८ एनई, निसानचं ११७१ सीसी इंजिन, कार्ब्युरेटर. ऊन, पाऊस सगळं झेलते, मला आता काळजी फक्त पेट्रोलची आहे. पंपावर वीस टक्के इथेनॉलवालंच मिळते, त्यानं जुने रबरी पाइप फुगतात, कार्ब्युरेटरचा डायफ्राम कडक होतो, टाकीत पाणी धरते. मी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे पाइप इथेनॉल चालणारे टाकून घेतले, क्लिपा नवीन, फिल्टर लवकर बदलतो, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. कार्ब्युरेटरचं जेटिंग (पेट्रोल जायची भोकं) थोडं मोठं केल्यावर थंडीत सकाळी पण नीट उचलते. कोणी गाडीच्या फ्युएल पंपाच्या डायफ्रामसाठी चांगलं रबर वापरलं असेल तर कुठून आणलं ते लिहा, मला दोन पाहिजेत.