किलीमांजारो माचामे रूट: ६ दिवस की ७?

डोंगरवेडा: जानेवारीत माचामेने जातोय. गाइड म्हणतो ६ दिवसांत होतं, एक दिवस वाढवू का? हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलीये.

रानवारा: ७च घे रे, शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ मिळतो. नळीची वाट केलीस म्हणजे बरांको वॉलचं (वाटेतला हात टेकत चढायचा कडा) टेन्शन नाही, पण ५८९५ मीटरवर पाय नाही, दम लागतो. मी ६ दिवसांत गेलो आणि लाव्हा टॉवरला, ४६०० मीटरवर, डोकं असं ठणकलं की समोरचं सूपही नको झालं, खाली बरांको कॅम्पला उतरल्यावर कुठे जीवात जीव आला.

पायवाट: +१. शिखराच्या रात्री बाटली उलटी ठेव, पाणी वरून गोठतं, म्हणजे तोंडाशी बर्फ होत नाही. पाणी प्यायची नळीवाली पिशवी नको, माझी तासाभरात गोठली.

डोंगरवेडा: ७ फिक्स. आता रजेचं बघतो 😅